दोन काळांची कादंबरी वाचताना वयाचा हिशेब ठेवा

नागपूरच्या मे महिन्यात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. कूलरसमोर चारशे पानांची कादंबरी काढायला हाच काळ बरा. पण ती युद्धात सापडलेल्या मुलांची असेल आणि एक प्रकरण तेव्हाचं, पुढचं आजचं अशी चालत असेल, तर सपाटा लावू नका.

वहीचं एक पान मधोमध आखा. डावीकडे तेव्हाचं, उजवीकडे आजचं. प्रकरणाच्या डोक्यावरचं साल आणि गाव आधी टिपा. घाईत डोळे नेमके तेच ओलांडतात आणि दहा पानांनी कोण बोलतंय तेच कळत नाही.

मग वयं मांडा. समजा, मुलगी पूर्व पोलंडमधली आहे. फेब्रुवारी १९४० मध्ये सोव्हिएत शिपाई तिच्या घरच्यांना सायबेरियाकडे नेतात तेव्हा ती ८ वर्षांची. इराण, कराची करत १९४३ मध्ये कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला, पोलिश निर्वासितांच्या छावणीत पोचते तेव्हा ११ ची. १९४८ मध्ये तिथून निघताना १६ ची. आजचा भाग २०१८ चा असेल तर ती ८६ ची हवी. तिथली आजी ७८ ची निघाली, तर लेखकाचा हिशेब चुकलाय, नाहीतर ही ती नव्हेच. घर सोडताना तान्ही असलेली धाकटी बहीण असेल. रहस्य बरेचदा अशा आठ वर्षांच्या फरकातच दडलेलं असतं. लपवलेल्या किंवा दत्तक गेलेल्या मुलांची नावंही बदलतात; जुनं नाव नव्याला बाणाने जोडून ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो आजची प्रकरणं चाळल्यामुळे. पोर फलाटावर एकटं राहिलंय आणि पुढे कुणाच्या तरी घटस्फोटाची कटकट! पानं उडवावीशी वाटणारच. पण फोटोच्या मागची सही, दात पडलेला कंगवा असलं काहीतरी लेखक तिथंच ठेवून जातो. म्हणून थांबायचं ते जोडी पुरी करून, तेव्हाचं एक आणि आजचं एक. रात्री तर आजच्यावरच थांबा, झोप तरी लागेल. एकच काळ सलग वाचायची हौस दुसऱ्या वाचनात भागवा.

शेवटचं लेखकाचं टिपण आधी उघडू नका, गोष्ट फुटते. छावणी आणि सालं खरी आहेत का, ते मात्र पहिल्या पन्नास पानांतच बाहेरून तपासून घ्या.

बारा-तेराच्या मुलाला द्यायची असेल, तर पहिले आपण वाचा. मरणाचं प्रकरण येतं त्या पानाला चिठ्ठी लावा आणि पोरगं तिथं पोचेल त्या दिवशी घरीच राहा.