क्लाउनफिशची भाऊबंदकी: एकाच टाकीत दोन जाती कशा सांभाळाव्यात

क्लाउनफिश या खाऱ्या पाण्यातल्या शोभेच्या माशाच्या दोन जाती एका टाकीत ठेवणे म्हणजे एकाच शेतावर दोन कुळे बसवण्यासारखे आहे. बांध कुठे पडणार, हे मासे आणण्याआधी ठरवले तर दोघेही नांदतात. ते त्यांच्यावरच सोडले तर जो धिप्पाड असेल तो सगळे शेत घेतो. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. चार फुटांच्या टाकीत वर्षभर सुखाने राहिलेल्या ऑसेलॅरिस या जातीच्या जोडीजवळ मी टोमॅटो या दुसऱ्या जातीचा एक क्लाउनफिश सोडला, कारण दुकानदाराने ‘एकाच कुळातले आहेत, जमवून घेतील’ असे सांगितले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी जोडीतला लहान नर ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेच्या) जाळीला पाठ लावून पाण्याच्या अगदी वरच्या थरात तिरका तरंगत होता आणि त्याच्या शेपटीची कड दोरे सुटलेल्या कापडासारखी झाली होती. एकाच कुळातले होते, हीच तर अडचण होती.

भांडण कशासाठी असते?

निसर्गात क्लाउनफिश समुद्रफुलाच्या, म्हणजे दुकानात ज्याला ॲनिमोन म्हणतात त्याच्या, आसऱ्याने राहतो आणि त्यापासून फार लांब क्वचितच जातो. एका समुद्रफुलावर साधारणपणे एकच घराणे असते: सर्वांत मोठी मादी, तिच्याखालोखाल प्रजननक्षम नर आणि त्यांच्याखाली उतरत्या आकाराची काही लहान पिल्ले. हे मासे जन्मतः नर असतात. मादी मेली की तिचा नर मादी होतो आणि खालचा एक जण त्याच्या जागी येतो. अशा व्यवस्थेत बाहेरून आलेला प्रत्येक क्लाउनफिश हा वारसाहक्क सांगायला आलेला भाऊबंद ठरतो. त्याच टाकीतल्या गोबी किंवा कार्डिनल अशा परक्या कुळातल्या माशाकडे ही जोडी ढुंकूनही पाहत नाही.

जपानमधील ओकिनावा येथील संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे दिसले की, ऑसेलॅरिस आपल्याच जातीच्या, म्हणजे तीन पांढरे पट्टे असलेल्या माशावर सर्वाधिक चिडतो आणि कमी पट्ट्यांच्या किंवा बिनपट्ट्यांच्या जातींकडे तुलनेने कमी लक्ष देतो. जाती निवडताना हे उपयोगी पडते.

जातींची निवड

मरून क्लाउनफिश या प्रयोगातून सरळ वगळावा. त्याच्या गालावर काटा असतो, मादी पंधरा सेंटीमीटरच्या पुढे जाते आणि तिला कधीकधी स्वतःचा नरसुद्धा सहन होत नाही. टोमॅटो, सिनॅमन आणि क्लार्की हेही आकाराने मोठे व तापट असतात. उरतात ते ऑसेलॅरिस (बाजारातला ‘निमो’), त्याचा सख्खा भाऊ शोभेल असा पर्क्युला आणि पाठीवरून पांढरी रेघ जाणारे स्कंक गटातले मवाळ मासे. ऑसेलॅरिस आणि पर्क्युला दिसायला व स्वभावाने इतके जवळचे आहेत की बरेच जण त्यांनाच एकत्र ठेवतात. माझ्या मते ते टाळावे, कारण त्यांची आपसांत जोडी जमून संकर होतो आणि पुढे ती पिल्ले कोणत्या नावाने कोणाला दिली, याचा हिशेब राहत नाही. नवख्याने ऑसेलॅरिसची एक जोडी आणि पिंक स्कंकची एक जोडी घ्यावी. पिंक स्कंकच्या अंगावर तीन पट्टे नसतात, पाठीवरची रेघ सोडली तर गालामागे एकच बारीक उभी रेघ असते.

मासे शक्यतो हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात, वाढलेले घ्यावेत. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास बऱ्याच वर्षांपूर्वी साध्य केली आणि नवी मुंबईत ऐरोलीलाही त्यांच्या पैदाशीचे काम झाले आहे. हॅचरीतले मासे दाणेदार खाद्य लगेच खातात आणि समुद्रातून पकडलेल्या माशांइतके रोग सोबत आणत नाहीत. प्रत्येक जातीचे दोन मासे लहान वयाचे आणि एकमेकांपेक्षा स्पष्टपणे लहान-मोठे घ्यावेत. मोठा पुढे मादी होतो, लहान नर राहतो. एकाच जातीच्या दोन तयार माद्या विकत आणल्या तर दुसऱ्या जातीची गरजच पडत नाही, त्या दोघीच टाकी पेटवतात.

टाकी आणि बांध

एका ऑसेलॅरिस जोडीला ऐंशी ते शंभर लिटर पुरतात, म्हणून दोन जोड्यांना दोनशे पुरतील हा हिशेब चुकीचा आहे. येथे लिटरपेक्षा लांबी महत्त्वाची असते. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत साडेसहाशे लिटरच्या आसपास पाणी मावते. दोन जोड्यांसाठी मी याहून लहान टाकी सुचवणार नाही.

लाइव्ह रॉकचा (उपयुक्त जिवाणू असलेल्या समुद्री खडकांचा) एकच डोंगर मधोमध रचू नये. दोन टोकांना दोन स्वतंत्र ढीग करावेत आणि मध्ये सुमारे दोन फूट उघडी वाळू ठेवावी. प्रत्येक ढिगाचा एक सुळका आतल्या बाजूला असा उभा करावा की एका टोकाच्या कपारीत बसलेल्या माशाला दुसऱ्या टोकाची कपार दिसणार नाही. समोर वाकून, माशाच्या डोळ्याच्या उंचीवरून हे स्वतः तपासावे. खारेपणा (विशिष्ट गुरुत्वाच्या मापाने) १.०२५, तापमान २५ ते २७ अंश, अमोनिया व नायट्राइट शून्य, एवढे स्थिर झाल्याखेरीज मासे आणू नयेत. कोकणपट्टीच्या उन्हाळ्यात खोलीतली टाकी सहज तीस अंशांच्या वर जाते, त्यामुळे चिलरचा, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा, खर्च आधीच धरावा. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि पळणाऱ्या माशाला तो जास्त लागतो.

समुद्रफूल सुरुवातीला ठेवूच नये. टाकीत जन्मलेल्या क्लाउनफिशचे त्यावाचून काही अडत नाही, आणि एक समुद्रफूल ठेवले तर दोन घराण्यांमध्ये एकच घर दिल्यासारखे होते. टाकी मुरल्यावर, सहा-आठ महिन्यांनी, ठेवायचेच असेल तर दोन टोकांना दोन ठेवावीत. तरीही बबल टिप जातीचे समुद्रफूल जागा आवडली नाही तर रातोरात सरकते, म्हणजे बांधच चालू लागतो. शिवाय वाटेत वेव्हमेकरला (पाण्यात प्रवाह निर्माण करणाऱ्या पंख्याला) जाळी नसेल तर त्यात चिरडते.

मासे सोडण्याची पद्धत

चारही मासे वेगळ्या टाकीत चार आठवडे विलगीकरणात ठेवावेत, कारण क्लाउनफिशना ब्रुकलिनेला हा परजीवी फार लवकर ग्रासतो आणि अंगावर पांढरट बुळबुळीत थर दिसू लागल्यावर हाती थोडेच दिवस उरतात. पुढे शक्यतो चौघांना एकाच दिवशी मुख्य टाकीत आणावे, म्हणजे आधीपासूनचा मालक कोणीच नसतो. पिशवी पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवून, बारीक नळीने थेंबथेंब पाणी मिसळून, दिवे बंद करून मासे आपापल्या टोकाला सोडावेत.

एक जोडी आधीच राहत असेल, तर ती आठवडाभर छिद्रे पाडलेल्या ॲक्रिलिकच्या डब्यात बंद करावी, दगडांची मांडणी मोडून नव्याने करावी आणि त्या काळात नव्या जोडीला टाकी मोकळी द्यावी. बरेच जण नव्यांना डब्यात आणि जुन्यांना मोकळे ठेवतात; त्यामुळे जुन्यांची मालकी उलट पक्की होते.

खाद्य दोन्ही टोकांना एकाच वेळी टाकावे. एका हाताने एकीकडे, लगेच दुसऱ्या हाताने दुसरीकडे, रोज त्याच जागी. महिन्याभरात दोन्ही जोड्या आपापल्या कोपऱ्यात वाट पाहू लागतात आणि मधली वाळू आपोआप सीमा बनते.

काय चालवून घ्यावे, काय नाही

वाळूच्या पट्ट्यावर दोन माद्या समोरासमोर येऊन कल्ले पसरतात, दातांचा टकटक आवाज करतात आणि परत फिरतात. हे चालू द्यावे. धाकटा मासा थोरल्यासमोर कुशीवर कलून थरथरतो, ते आजारपण नसून शरणागती असते. मात्र एखादा मासा पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात किंवा फिल्टरमागे तासन् तास उभा राहतो, खाद्याकडे येत नाही, त्याचे पर फाटलेले आहेत आणि पाठलाग सीमेपलीकडे घरापर्यंत जातो, असे दिसले तर त्याच दिवशी मारकुट्या माशाला बाजूला काढावे. म्हणून छिद्रे असलेला काचेचा किंवा ॲक्रिलिकचा पडदा टाकीच्या मापाने आधीच कापून घ्यावा आणि पन्नास-साठ लिटरची एक टाकी चालू स्थितीत ठेवावी. ही तयारी नसेल, तर दुसरी जात आणू नये.

सगळे सुरळीत चालले तर वर्ष-दीड वर्षात एखादी जोडी अंडी घालते आणि ठरलेला बांध काही दिवस पुढे सरकतो. २७ अंशांच्या आसपास अंडी साधारण आठवड्यात फुटतात, तोवर नर पंख्यासारखे पर हलवत त्यांना वारा घालतो आणि मादी टाकीचा निम्म्याहून अधिक भाग आपला मानते. या दिवसांत दुसऱ्या जोडीच्या ढिगाजवळ एखादा जास्तीचा दगड ठेवून आडोसा वाढवावा, आणि काचेवरचे शेवाळ तसेच राहू द्यावे. घासायला हात घातलाच, तर मादी आधी मनगटावर धडकते आणि मग बोटांच्या बेचक्यात नेमके चावते.