स्तन लहान करण्याचं ऑपरेशन: आधी तिसऱ्या आठवड्याचे फोटो बघा

"व्यायाम कर, उतरेल," हे मी पंधरा वर्षं ऐकलं. नऊ किलो उतरले, खांद्यांवरचे ब्राच्या पट्ट्यांचे वळ तसेच राहिले. शेवटी ऑपरेशन केलं. त्यानंतर ओळखीतल्या सहाजणींबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसले आहे.

आधी सर्जन. प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी बघा, पाटीवरचं 'कॉस्मेटिक सेंटर' नको. मुंबईत केईएम, सायन, जेजे या सार्वजनिक रुग्णालयांतही प्लास्टिक सर्जरी विभाग आहे.

मग स्तनांची सोनोग्राफी, चाळिशी उलटली असेल तर मॅमोग्राफीही. मूल व्हायचं असेल तर सर्जनला आधीच सांगा: नंतर दूध कमी येऊ शकतं आणि बाळंतपणात आकारही पुन्हा बदलतो.

विम्याच्या कागदावर 'कॉस्मेटिक' शब्द आला की क्लेम अडकलाच. उपचाराची वैद्यकीय गरज आहे असं डॉक्टरांनी लेखी दिलं, तरच आशा. मानदुखीचे, स्तनांखालच्या बुरशीचे जुने केसपेपर फेकू नका.

तंबाखू किमान चार आठवडे आधी बंद. "मी तंबाखूला हात लावत नाही," म्हणणारी माझी आत्या रोज सकाळी मिश्री लावते. मिश्री तंबाखूचीच असते, बायांनो! या ऑपरेशनात स्तनाग्र देठासकट, म्हणजे त्याला रक्त पुरवणाऱ्या मांसाच्या पट्ट्यासकट, वर सरकवतात. त्या देठातून येईल तेवढ्याच रक्तावर ते जगतं, आणि निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात.

आता टाके. माझी फजिती इथे झाली.

बहुतेकदा काप स्तनाग्राभोवती, तिथून सरळ खाली आणि मग स्तनाखालच्या घडीत आडवा असतो. उभा आणि आडवा काप जिथे मिळतात तिथे कातडीवर ताण सगळ्यात जास्त आणि रक्त सगळ्यात कमी. जखम उघडली तर बहुधा तिथेच. पंधराव्या दिवशी मी गॉज काढला तर रुपयाएवढी फट, तळाला पिवळट थर. वाटलं, आता सगळंच उसवणार. सासूबाई हळद घेऊन आल्या आणि मी ती दाबून भरली. दुसऱ्या दिवशी सिस्टर सलाइनने ती धुता धुता म्हणाल्या, "ताई, पोहे करायचे होते का?"

अशी लहान फट सहसा परत शिवत नाहीत. ड्रेसिंग करत राहायचं, ती तळापासून भरत येते. माझी भरायला पाच आठवडे लागले. हळद, कोरफड, शेजारणीचं मलम, काही नको. फोटो काढून सर्जनला पाठवा. ताप आला, पू दिसला, लाली पसरली, एकच बाजू अचानक सुजली किंवा स्तनाग्र काळसर पडलं, तर मात्र फोटोवर भागत नाही. रात्र असली तरी निघा.

म्हणून पहिल्याच भेटीत सर्जनला विचारा, "तिसऱ्या आठवड्याचे फोटो दाखवता?" फक्त वर्षानंतरचे गुळगुळीत फोटो पुढे करणाऱ्यासमोरून मी तरी उठेन. वण फिके होतात, पुसले जात नाहीत. कान टोचल्यावर गाठ आली असेल तर तेही सांगा, कारण इथेही वण तसाच फुगू शकतो.

घरी सहा आठवडे भरलेली बादली, पाच लिटरचा कुकर, लेकरू, काहीही उचलायचं नाही. सपोर्ट ब्रा समोरून उघडणारी घ्या आणि सर्जन सांगतील तोवर रात्रीही घाला. सुंदर-बिंदर ब्रा तीन महिने तरी नकोत, सूज उतरली की माप बदलतं. मी उत्साहात चार घेतल्या होत्या. बहीण वापरतेय.