बाईकचं काळं ऑइल नालीत ओतू नका राव

घरी ऑइल चेंज करत असाल तर जुनं ऑइल ट्रेमध्ये काढा, गरम असतानाच काढा म्हणजे तळातला गाळही निघतो, पण हात भाजणार नाही एवढंच गरम, आणि नवीन ऑइलच्या रिकाम्या डब्यातच ते नरसाळ्याने भरून ठेवा. फिल्टरही उलटा करून रात्रभर निथळू द्या, त्यात बरंच ऑइल अडकलेलं असतं. जुन्या ऑइलमध्ये पेट्रोल, कूलंट, पाणी काही मिसळायचं नाही, मिसळलं की ते रिसायकल करणं अवघड होतं.

कारण ऑइल संपत नाही हो, फक्त घाण होतं. रिफायनिंग करून त्याचं पुन्हा बेस ऑइल, म्हणजे नवीन ऑइल बनवायचं मूळ तेल, बनतं. 159 लिटर क्रूडच्या एका बॅरलमधून जेमतेम अडीच लिटर लुब्रिकंट निघतं, तेवढंच जवळपास 4 लिटर जुन्या ऑइलमधून मिळतं! आणि आपल्या नागपुरात नालीत टाकलं तर ते नाग नदीतून कन्हान, मग वैनगंगा, म्हणजे गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात.

वाळवी लागू नये म्हणून जुनं ऑइल लाकडाला लावतात काही जण, पण त्यात धातूचे कण आणि कॅन्सरवाली रसायनं असतात, लहान मुलं हात लावतात तिथे तर नकोच. भरलेला डबा जुन्या ऑइलचा ड्रम ठेवणाऱ्या गॅरेजला नेऊन द्या, पण आधी विचारा की भाऊ हे पुढे कुठं जाते. भट्टीत जाळायला विकतो म्हणाला तर दुसरं गॅरेज बघा, रजिस्टर्ड रिसायकलरला देणारं. आणि डबा परत आणून लेबल फाडून भोक पाडून टाका, नाहीतर त्यात डुप्लिकेट ऑइल भरून विकणारे आहेतच.