हौशी सॅक्सोफोनवादकांची रेकॉर्डिंग कशी ऐकावीत: नव्या परीक्षकांसाठी

हौशी वादकाची क्लिप हाती आली की नवे परीक्षक आधी टोनच्या रंगावर बोलतात: जाड आहे, पातळ आहे, गोड आहे. मोबाइलच्या रेकॉर्डिंगमध्ये सर्वांत जास्त बदलतो तो हाच रंग. सुराची स्थिरता, सूर उठण्याची पद्धत, सप्तक बदलतानाचा समतोल आणि लय मात्र साध्या फोनमध्येही बऱ्यापैकी जशीच्या तशी उतरते. मत आधी यांवर बनवावं. रंगाबद्दल शेवटी, आणि हातचं राखून बोलावं.

ऐकायला हेडफोन घ्या. टेनरचा (मोठा, खालच्या सुरांचा सॅक्सोफोन) सर्वांत खालचा सूर साधारण १०४ हर्ट्झचा, आल्टोचा (त्याहून लहान) १३९ च्या आसपास. फोनच्या स्पीकरला हा पट्टा पेलत नाही, त्यामुळे भरीव टेनरही पत्र्यासारखा वाजतो.

मग फोनने काय केलंय ते ओळखा. सूर थांबल्यावर पंख्याचा आवाज हळूहळू वर येत असेल, तर फोन आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करतोय. अशा क्लिपवरून ‘वादनात लहान-मोठेपणा नाही’ असं म्हणता येत नाही. लांब सूर तीन-चार सेकंदांनी मधेच विरत असेल आणि फुंक मात्र चालू असल्याचं जाणवत असेल, तर गोंगाट कमी करणारी यंत्रणा त्या सुरालाच गोंगाट समजतेय. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस मेसेजवर टोनचा निकाल कधीच देऊ नका. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. सॅक्सोफोनचा आवाज मुख्यतः उघड्या भोकांतून बाहेर पडतो, बेलमधून, म्हणजे टोकाच्या रुंद तोंडातून, येतात ते अगदी खालचे सूर. फोन थेट बेलसमोर ठेवला की खालचे बी फ्लॅट, बी आणि सी हे सूर दणकतात, मधले सूर अशक्त वाटतात. कराओके ट्रॅकवर वाजवून वर भरपूर रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) ओतलेल्या क्लिपमध्ये सुराची सुरुवात आणि शेवट दोन्ही झाकले जातात. तिथे कोरडी क्लिप मागण्याला पर्याय नाही.

टोनसाठी गाणं पुरत नाही. तीन गोष्टी वेगळ्या मागवा: मधला जी आठ सेकंद, हलका सुरू करून मोठा आणि पुन्हा हलका, खालच्या जीपासून सर्वांत खालच्या बी फ्लॅटपर्यंत सावकाश उतरण, आणि मधला सी शार्प ते डी अशी चार-पाच वेळा ये-जा. ही शेवटची जागा फार बोलकी आहे. सी शार्पला जवळजवळ सगळी भोकं उघडी, डीला जवळजवळ सगळी बंद. ज्याची फुंक आणि घसा स्थिर आहे त्याचे हे दोन सूर एकाच वाद्याचे वाटतात. बाकीच्यांचा सी शार्प पोकळ आणि डी घुसमटलेला येतो.

सुरात ‘हस्स’ असा वारा असेल, तर रीड (माउथपीसवरची थरथरणारी पातळ पट्टी) वादकाच्या मानाने कडक आहे किंवा ओठांच्या कडेतून हवा निसटतेय. चिरका, भुणभुणणारा आवाज आणि वर जाताना उतरणारे सूर बहुधा मऊ किंवा थकलेल्या रीडचे. बुडबुड्यांसारखी तडतड म्हणजे नेकमध्ये, माउथपीस बसतं त्या वाकड्या नळीत, साचलेलं पाणी. तो दोष नोंदवायचीही गरज नाही. खालचा डी नीट येतो पण सी, बी गुरगुरतात किंवा वरच्या सप्तकात उडी मारतात, तेव्हा आधी पॅडची (भोकं झाकणाऱ्या गाद्यांची) गळती तपासायला सांगा. स्वस्त किंवा बरीच वर्षं पडून राहिलेल्या वाद्यांत हे सर्रास आढळतं, आणि वादक बिचारा महिनोन्‌महिने ओठांना दोष देत बसतो.

सूर तपासताना आधी बॅकिंग ट्रॅक ट्यूनरवर बघा. तोच ए = ४४० हर्ट्झ या नेहमीच्या मापावर नसेल तर वादक कणसूर ठरत नाही. सगळे सूर सारखेच चढे असतील, तर माउथपीस नेकच्या कॉर्कवर जास्त आत गेलंय. खालचं सप्तक सुरात आणि वर जावं तसे सूर चढत जात असतील, तर जबड्याने रीड आवळली जातेय. मधला डी आणि तळहाताने दाबायच्या कीचे (अगदी वरचे) सूर बहुतेक सॅक्सोफोनवर चढतात, मधला सी शार्प उतरतो. वाद्याचा हा स्वभाव वादक सावरतो का, एवढंच पाहायचं.

‘चांगला टोन’ एकच नसतो. जॅझमध्येच कोलमन हॉकिन्सचा टेनर रुंद आणि दणकट, लेस्टर यंगचा हलका, पॉल डेझमंडचा आल्टो कोरडा आणि मऊ. आपल्याकडच्या हौशी क्लिपांत हिंदी चित्रपटगीतं भरपूर असतात, आणि ती वाजवणाऱ्यांचे कान चित्रपटसंगीतातले सॅक्सोफोनवादक मनोहारी सिंग यांच्या आल्टोवर घडलेले असतात. तिथला कंप (सुराचं हलणं, व्हायब्रेटो) जॅझच्या मापाने मोजणं अन्याय आहे. कंप कुठल्याही शैलीचा असो, सूर आधी सरळ लागून मग हलतो का, ते ऐका. पहिल्या क्षणापासून प्रत्येक सूर थरथरत असेल, तर त्याखाली अस्थिर सूर लपलेला असू शकतो.

आता इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे आयत्या वेळी सुचलेलं वादन. बारा बारचा (एक बार म्हणजे चार मात्रा) ब्लूज मागवा, कॉन्सर्ट बी फ्लॅटमध्ये, म्हणजे पियानोच्या बी फ्लॅटमध्ये, मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत. सॅक्सोफोनवर सुरांची नावं पियानोपेक्षा सरकलेली असतात, म्हणून टेनरला तो सीमध्ये वाजवावा लागतो, आल्टोला जीमध्ये. एक आवर्तन २४ सेकंदांचं, म्हणून तीन आवर्तनांना ७२ सेकंद पुरतात. पहिल्यांदा ऐकताना सुरांकडे दुर्लक्ष करून फक्त आवर्तनावर बोट ठेवा. वादकाला पहिला बार कुठे येतो हे ट्रॅककडून कळतंय की आतून? शंका आली, तर ट्रॅकशिवाय, मेट्रोनोमची टिकटिक फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवून दोन आवर्तनं मागवा. आवर्तन हरवणारा वादक इथे लगेच उघडा पडतो.

स्विंगमध्ये (जॅझच्या झुलत्या लयीत) एका मात्रेतल्या दोन सुरांपैकी दुसरा सूर उशिरा येतो. संथ लयीत हा उशीर जास्त, द्रुत लयीत तो जवळपास नाहीसा होतो. प्रत्येक लयीत तोच ठरावीक लंगडेपणा ऐकू आला, तर नियम पाठ झालाय, कान तयार झालेला नाही. वादक पूर्ण क्लिपभर सारख्याच अंतराने मागे असेल, तर ब्लूटूथ हेडफोन वापरला होता का, हे विचारा. अंतर कमी-जास्त होत असेल, तर लय कच्ची आहे.

सुरांची परीक्षा पाचव्या बारवर. टेनरच्या हिशेबाने तिसऱ्या-चौथ्या बारमध्ये सी सेव्हन ही कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) असते, त्याचा तिसरा स्वर ई. पाचव्यात एफ सेव्हन येतो आणि ई उतरून ई फ्लॅट होतो. आल्टोला हाच बदल बी ते बी फ्लॅट. हे अर्ध्या सुराचं उतरणं ऐकू आलं, तर वादक कॉर्ड ऐकतोय. फक्त ब्लूज स्केल वाजवणाऱ्याला तो फरक करावा लागत नाही, कारण त्या स्केलमध्ये ई फ्लॅट आधीपासूनच आहे. म्हणून त्याचं वादन कुठेच चुकत नाही आणि कुठे पोहोचतही नाही. तिन्ही आवर्तनांत त्याच बारला तीच सुरावट आली, तर ती पाठ केलेली आहे. नवशिक्यासाठी त्यात गैर काही नाही, पण गुण देताना ते ओळखता आलं पाहिजे. एखादी छोटी कल्पना पुन्हा घेऊन, जराशी फिरवून, मग गप्प बसणारा वादक वेगवान बोटांच्या वादकापेक्षा वर ठेवावा.

अभिप्रायात मिनिट-सेकंद लिहा, दिसलेला दोष आणि त्याचं संभाव्य कारण वेगळं लिहा, आणि एका वेळी एकच सुधारणा सांगा. सोबत पुढच्या रेकॉर्डिंगची सूचना द्या: फोन एक ते दीड मीटरवर, छातीच्या उंचीला, रोख कींकडे, खोलीत पडदे किंवा गादी, रिव्हर्ब बंद, सलग एकच टेक, व्हिडिओसह.