हंडाच्या डोक्यावरची टोपली

बर्फ म्हणजे काय हे समजावण्यात मी माझ्या पहिल्याच गोष्टीच्या तासातली वीस मिनिटं घालवली. पुस्तक होतं एझ्रा जॅक कीट्स यांचं 'द स्नोई डे', १९६२ सालचं, अमेरिकेतलं. पीटर नावाचा मुलगा लाल डगला घालून दिवसभर बर्फात हुंदडतो, एवढीच गोष्ट. समोर जुन्नर तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेतली पहिली-दुसरीची एकोणीस मुलं. मी हिमालय, अमेरिका, थंडीचे महिने असं सगळं घरून तयार करून आणलेलं. पुस्तक उघडेपर्यंत मागचे दोघं एकमेकांच्या दप्तराची चेन ओढायला लागले होते. शेवटी शेवटी पीटर बर्फाचा गोळा उद्यासाठी म्हणून खिशात ठेवतो आणि घरात येतो. त्या पानावर पुढ्यातली एक मुलगी स्वतःशीच पुटपुटली, "आता समदं भिजंल." बर्फ पडताना तिने कधी पाहिला नव्हता. जत्रेतला गोळेवाला पाहिला होता, तेवढा तिला पुरला.

त्याला आता सहा वर्षं झाली. दर गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर माझा तास असतो. शाळेत गोष्टी वाचून दाखवायचं हे काम नव्याने सुरू करणारे फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पुस्तकं कुठली घेऊ?" खरं तर पुस्तकाआधी स्वतःच्या तोंडाचा विचार करावा लागतो. आपण फार बोलतो.

मला हे कळलं ते 'हंडाज सरप्राइज'मुळे. आयलीन ब्राउन यांचं हे पुस्तक १९९४चं, गोष्ट केनियातल्या लुओ लोकांच्या गावातली. हंडा नावाची मुलगी डोक्यावरच्या टोपलीत सात फळं घेऊन मैत्रिणीकडे, अकेयोकडे निघते. नाव ऐकूनच वर्ग खिदळला. "ताई, नाव हंडा आन् डोक्यावर पाटी!" मला क्षणभर वाटलं, नाव बदलावं, सरळ 'हिरा' करून टाकावं. बदललं नाही हे बरं झालं. हसून झाल्यावर मुलांनी ती मुलगी आपलीच मानली. डोक्यावर ओझं घेऊन पायवाटेने जाणारी मुलगी त्यांना नवी नव्हतीच.

या पुस्तकाची गंमत अशी की त्यातला मजकूर एक सांगतो आणि चित्रं दुसरंच. हंडा मनात म्हणत असते, अकेयोला कुठलं फळ जास्त आवडेल? आणि तिच्या मागे माकड हळूच केळं उचलतं. मग शहामृग येतं, झेब्रा येतो, हत्ती येतो. मजकुरात चोरीबद्दल चकार शब्द नाही. म्हणजे जे हंडाला दिसत नाही ते मुलांना दिसतं. तिथे मी "बघा बघा, माकडाने काय केलं?" असं म्हणाले की संपलं, मुलांचा शोध मी हिसकावून घेतला. गप्प बसले तर दुसऱ्या-तिसऱ्या पानावर कुणीतरी ओरडतंच, "अगं, मागं बघ!" अख्खा वर्ग हंडाला सावध करायला लागतो. पहिलीतल्या, अक्षर न येणाऱ्या मुलाला इथे माझ्याइतकंच वाचता येतं, किंबहुना जास्त. त्याची नजर मजकुरावर अडकलेली नसते.

पॅट हचिन्स यांच्या 'रोझीज वॉक'मध्येही हीच युक्ती आहे. इंग्रजीत जेमतेम बत्तीस शब्द. कोंबडी फेरफटका मारते, मागे कोल्हा, पण कोल्ह्याचा उल्लेखच नाही. सुरुवात करणाऱ्याने अशी पुस्तकं आधी घ्यावीत. ती आपल्याला गप्प बसायला शिकवतात.

अनोळखी गोष्टींचं काय करायचं? हंडाच्या टोपलीत अव्होकॅडो आहे. मी त्याचा पेरू केला नाही (पेरू तिथे आधीच आहे). नाव एकदा सांगितलं आणि पुढे गेले. पुढच्या महिन्यात पुण्याहून एक अव्होकॅडो नेला. चौघांनी थुंकला, एकाने उरलेला सगळा खाल्ला. केनिया कुठे आहे ते पृथ्वीगोलावर पाहिलं, पण गोष्ट झाल्यावर, आणि मुलांनी विचारलं म्हणून. "आज आपण आफ्रिका शिकू या" अशी सुरुवात केली की गोष्टीचा धडा होतो.

भाषेसाठी एक सवय लावून घ्या. इंग्रजी पुस्तकाचं मराठी ऐन वेळी करू नका. मी आदल्या रात्री वाक्यं मोठ्याने बोलून बघते, मग चिठ्ठ्यांवर लिहून पानांच्या कडेला चिकटवते. पुन्हा पुन्हा येणारं वाक्य दर वेळी शब्दाला शब्द तेच हवं. तिसऱ्यांदा मुलं ते आपल्याबरोबर म्हणतात, आणि शब्द बदलला तर रागावतात. 'आश्चर्यचकित झाली' असं मी एकदा वाचलं तेव्हा सगळे चेहरे कोरे. "तिला कळंचना" म्हटल्यावर गाडी पुढे गेली.

बाकी सोपं आहे. सतरंजीवर मुलं अर्धगोलात, पुस्तक आपल्या कानाशेजारी, त्यांच्या नजरेच्या उंचीवर. पाठीमागे खिडकी नको, पानं काळी दिसतात.

पैसे नसतील तर प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघा. २०१५पासून सुरू आहे, मराठीत भरपूर पुस्तकं आहेत, फुकट, आणि छापून घ्यायलाही परवानगी आहे. तिथे कुणालाही अनुवाद करता येतो, त्यामुळे काही मराठी फारच अडखळतं. तेही आदल्या रात्री दुरुस्त करा. पण हातात खरं पुस्तक असण्याची मजा वेगळी. एरिक कार्ल यांच्या भुकेल्या सुरवंटाच्या पुस्तकात पानांना भोकं आहेत. १९६९ साली अमेरिकेत ती छपाई परवडेना, म्हणून पहिली आवृत्ती जपानमध्ये छापली गेली. आमच्या प्रतीत त्या भोकांतून इतकी बोटं गेली आहेत की सफरचंदाचं पान आता चिकटपट्टीवरच जगतंय. फाटू दे. कपाटात कुलूपबंद ठेवलेली नवीकोरी पुस्तकं मी पुष्कळ शाळांत पाहिली आहेत.

आणि 'यातून काय शिकलात?' हा प्रश्न विचारू नका. मी विचारत नाही, पण पाहुणे विचारतात. हंडाच्या गोष्टीच्या शेवटी दावं तोडून सुटलेली एक बकरी संत्र्यासारख्या फळांच्या झाडाला धडकते आणि हंडाची रिकामी टोपली पुन्हा भरते. त्या दिवशी वर्गात एक साहेब बसले होते. गोष्ट संपताच त्यांनी तात्पर्य विचारलं. वर्ग चिडीचूप. मग ज्याच्या घरी दहा-बारा शेरडं आहेत तो दुसरीतला मुलगा उठला आणि म्हणाला, "बकरीचं दावं नीट बांधायचं."