कम्युनिटी टीव्हीच्या असोसिएशनचं मेंबर व्हायचंय म्हणताय?

गेल्या दोन-तीन महिन्यात चार-पाच पोरांनी फोन करून विचारलं, दादा तुम्ही त्या कम्युनिटी टीव्हीवाल्यांच्या असोसिएशनमध्ये आहात ना, आम्हाला पण यायचंय, काय करायला लागतं आणि मेंबर झाल्यावर काय मिळतं. प्रत्येकाला तेच तेच सांगून जीभ दुखायला लागली म्हणून एकदाच लिहून टाकतो. कम्युनिटी टीव्ही म्हणजे गावातल्या, वस्तीतल्या लोकांनी स्वतःच स्वतःसाठी केलेला टीव्ही. पहिल्या वर्षी मिळतं ते म्हणजे मीटिंगला खुर्च्या लावायचं काम आणि चहा. नोकरी मिळत नाही, प्रेसचं कार्ड मिळत नाही, गाडीवर चिकटवायला स्टिकर पण मिळत नाही. स्टिकरसाठी एकजण खरंच आलेला, दोन मीटिंगनंतर गायब.

मी सांगलीचा, विश्रामबागला राहतो. बी.ए. झाल्यावर लग्नाच्या शूटिंगा केल्या, मग एका लोकल केबल चॅनलवर लागलो. कॅमेरामन, एडिटर, ड्रायव्हर आणि गरज पडली तर जाहिरातीची वसुली, सगळं एकच माणूस. वाईट नव्हतं, हात तयार झाला. पण असोसिएशनकडं वळलो ते ऑगस्ट २०१९ च्या महापुरामुळं.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे आमच्याकडं शाळेतल्या पोराला पण पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मुंबईची चॅनलं आली, बोटीत बसून लाइव्ह केलं, गेली. त्याच्या आधीचे दोन दिवस आमच्या ऑफिसातला फोन नुसता खणखणत होता, आयर्विनला किती झालं, कोयनेतनं किती सोडलंय, आणि आमच्या गल्लीत कधी येईल. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सरकारी आकड्यात मिळायची, तिसऱ्याचं कुणाकडंच नव्हतं. म्हणजे होतं, पण ते सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर असल्या भागातल्या जुन्या माणसांकडं होतं, ज्यांच्या दारात पाणी सगळ्यात आधी येतं. एका काकांनी फोनवर मला सांगितलं की २००५ ला अमुक फुटाला आमची दुसरी पायरी बुडालेली, त्यानंतर शेजारच्या बोळात यायला किती तास लागले, सगळं तोंडपाठ. मी ते स्क्रीनखाली फिरणाऱ्या पट्टीवर चालवायला पाहिजे होतं. पट्टीवर त्या वेळी सोन्याच्या दुकानाची ऑफर फिरत होती, तिचे पैसे आगाऊ आलेले, त्यामुळं ती काढायची माझी छाती झाली नाही. नंतर लाइट गेली आणि पट्टी पण गेली.

ते काका डोक्यातनं जाईनात. मग एका ओळखीच्या माणसानं असोसिएशनच्या मीटिंगला नेलं, साताऱ्याला होती. मी आपला एकदम तयारीनं गेलो, पेनड्राइव्हमध्ये शोरील, म्हणजे आपल्या कामातले निवडक तुकडे, तासगावच्या रथाचे ड्रोन शॉट, खाली गुलाल, वर ढोल-ताशाचा ट्रॅक, चार मिनिटं. सगळ्यांनी शांतपणे बघितलं. मग एक वयस्कर ताई म्हणाल्या, छान आहे, पण यात बोलतंय कोण? मी म्हटलं म्युझिक आहे की. त्या म्हणाल्या तेच विचारतेय, एवढी हजारो माणसं आहेत, एकानं पण तोंड उघडलेलं नाही. लई राग आलेला. एसटीत कराड येईपर्यंत राग होता, पुढं पेठ नाक्याला चहा पिताना कळलं की बाई बरोबर बोलली.

आता कामाचं. सगळ्यात मोठा गैरसमज असा की असोसिएशनमध्ये आलं की टीव्ही चॅनलचं लायसन काढून मिळतं. भावांनो, आपल्या देशात कम्युनिटी टीव्ही नावाचं वेगळं लायसनच नाही. रेडिओला आहे. १९९५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की रेडिओ-टीव्ही ज्यावरनं चालतो त्या हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची एकट्याची मक्तेदारी नाही, त्या बेंचवर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. त्यानंतर आधी शिक्षणसंस्थांना आणि मग २००६ च्या धोरणात सामाजिक संस्थांना कम्युनिटी रेडिओ चालवायची परवानगी मिळाली. १०० वॅटचा ट्रान्समीटर, ३० मीटरपर्यंत टॉवर, निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक पाहिजेत, आणि जाहिरात तासाला १२ मिनिटांपर्यंत, आधी ती ७ होती. आपल्या भागात म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी आहे, २००८ पासून, आणि जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी. टीव्ही करायचा म्हणणाऱ्यानं सुद्धा आधी या दोन्हीकडं एक-एक दिवस काढावा असं माझं मत आहे, कारण माणसाला बोलतं कसं करायचं हे रेडिओवाल्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं, त्याच्याकडं लपायला चित्र नसतं.

मग टीव्हीवाले काय करतात, तर फटीतनं वाट काढतात. एक वाट म्हणजे केबल. १९९५ च्या केबल कायद्याखाली जो एमएसओ असतो, म्हणजे गल्लीतल्या केबलवाल्यांना सिग्नल पुरवणारा मोठा ऑपरेटर, तो स्वतःचं लोकल चॅनल चालवू शकतो, त्याला प्लॅटफॉर्म सर्व्हिस म्हणतात, स्क्रीनवर तसं लिहायला लागतं. त्यावर लोकल बातम्या द्यायच्या तर तो एमएसओ कंपनी म्हणून नोंदलेला लागतो, घरगुती फर्म चालत नाही. तुमचा गट त्याच्याकडं जाऊन आठवड्याला अर्धा तास मागू शकतो, आणि इथंच असोसिएशन उपयोगी पडते. एकटं पोरगं गेलं तर केबलवाला स्लॉटचा रेट सांगतो, असोसिएशनच्या लेटरहेडवर चार गावांचा अर्ज गेला की निदान खुर्ची तरी पुढं करतो. दुसरी वाट इंटरनेट, ती सगळ्यांना माहिती आहे. तिसरी वाट म्हणजे गावात पडदा लावून दाखवणं, आणि मला सगळ्यात आवडती हीच.

परदेशात हे सोपं का झालं ते एका मीटिंगमध्ये कळलं. अमेरिकेत केबल कंपनीला शहरातले रस्ते खणायचे, खांब वापरायचे तर नगरपालिकेला उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत फी द्यायला लागते, १९८४ च्या कायद्यात ती मर्यादा आहे, आणि बऱ्याच शहरांनी त्या पैशातनं लोकांसाठी स्टुडिओ आणि चॅनल उभं केलं. तिथली अलायन्स फॉर कम्युनिटी मीडिया ही संघटना १९७६ सालची. आपल्या इथं केबलवाल्यानं किती खांब वापरले याचा हिशोबच कुणी मागितला नाही, असो. पण आपण अगदीच मागं होतो असं पण नाही. १९७५ मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पीज नावाच्या गावात छोटा ट्रान्समीटर लावून इस्रोच्या अवकाश केंद्राच्या आणि दूरदर्शनच्या लोकांनी गावातल्या माणसांना घेऊन कार्यक्रम केले, दूध सोसायटी, जातीभेद, दारू, मजुरी, सगळे विषय, आणि त्याला १९८४ ला युनेस्कोचं बक्षीस मिळालं. पुढं ते बंद पडलं. हे नवीन मेंबरला सांगितलं की तो म्हणतो मग आपण का नाही, आणि आपल्याला तेवढंच पाहिजे असतं.

आता ज्या गोष्टीनं माझा कॅमेरा बदलला ती सांगतो. तेलंगणात पस्तापूर भागात दलित शेतकरी बायकांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी व्हिडिओ शिकला, त्यातल्या बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी शॉटला स्वतःची नावं दिली. वरून खाली बघणारा तो पटेल शॉट, जमीनदार बघतो तसा. खालून वर बघणारा गुलाम शॉट. आणि समोरासमोर, डोळ्याला डोळा, तो संघम शॉट, म्हणजे आपल्या बचत गटाच्या बैठकीत सगळ्या एका सतरंजीवर बसतात तसा. मी दहा वर्षं हाय अँगल, लो अँगल म्हणत होतो, कॅमेरा कुणाच्या नजरेनं बघतोय हा विचार कधी केलाच नव्हता.

त्यानंतर महिन्याभरात जतच्या पूर्व भागात एका गावी गेलो, पाण्याच्या टँकरवर करायचं होतं. एक आजी उंबऱ्यात बसून सुपात ज्वारी निवडत होत्या. मी सवयीनं उभा, कॅमेरा खांद्यावर. आजी डोळ्यावर हात धरून वर बघायच्या, ऊन माझ्या पाठीमागं, आणि उत्तरं अशी, "व्हय सायेब", "न्हाय सायेब", "येतंय की पानी". पाच मिनिटांत संपलं. मग एकदम आठवलं, हा पटेल शॉट. कॅमेरा खाली ठेवला, पायरीच्या खाली मातीत मांडी घातली, ट्रायपॉड अगदी बुटका केला. आजींनी सूप बाजूला सरकवलं आणि पहिला प्रश्न त्यांनीच विचारला, "कुणाचा रं तू?" माझं गाव, आईचं माहेर, लग्न झालंय का, सगळं सांगून झाल्यावर मग बोलल्या ते वीस मिनिटं. टँकर येतोय, पण वरच्या आळीतच निम्मा रिकामा होतोय, खालच्या आळीला गढूळ तळ मिळतोय, आणि पोरी दुपारी शाळा सोडून घागरी घेऊन रांगेत.

मी खूश. रात्रीच दोन मिनिटांचा तुकडा कापला आणि ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो त्याच गावात फिरत होता. संध्याकाळी आजींच्या मुलाचा फोन, आवाज बारीक, "दादा, तुमी गेला सांगलीला, आमाला हितंच ऱ्हायचंय." वरच्या आळीतली चार माणसं घरी येऊन गेली होती. आजींना मी विचारलं नव्हतं असं नाही, शूटिंग करू का विचारलेलं आणि त्या हो म्हणाल्या होत्या. पण शूटिंगला हो म्हणणं वेगळं आणि ते कुठं, कुणाच्या मोबाईलवर दिसणार हे कळून हो म्हणणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं. शोरीलवरनं बोलल्या त्याच ताई माझ्याबरोबर गावात आल्या. आधी आजींची माफी, मग क्लिप जिथून काढता येईल तिथून काढली, सगळीकडून थोडीच निघते. आणि मग पुढच्या आठवड्यात शाळेच्या भिंतीवर चादर लावून दोन्ही आळ्यांना एकत्र बसवून दाखवलं, आजींच्या परवानगीनं, त्यांना आधी एकटीला दाखवून, आणि वरच्या आळीच्या लोकांचं म्हणणं पण घेऊन. भांडण झालं, जोरात झालं, पण समोरासमोर झालं. टँकर थेट खालच्या आळीत यायला लागला. काही दिवसांनी परत पहिल्यासारखं झालं असं ऐकलं. आमच्याकडं आता साधा नियम आहे, माणसाला आधी दाखवल्याशिवाय बाहेर काही जात नाही, आणि "हे कुठं दिसणार" हे त्याच्या भाषेत सांगून त्याचं हो पण कॅमेऱ्यावरच घ्यायचं.

असोसिएशन निवडताना काय बघायचं हे पण सांगतो कारण नावं मोठी असलेल्या दुकानांची कमी नाही. ती नोंदणीकृत आहे का, दरवर्षी ऑडिट होतं का आणि मेंबरला ते बघायला मिळतं का, वर्षाची सर्वसाधारण सभा खरंच होते का कागदावरच. फॉर्मवर वैयक्तिक सभासद आणि संस्था सभासद असे दोन प्रकार असतात बहुतेक ठिकाणी, मतदान कुणाला ते विचारून घ्या, नाहीतर वर्गणी भरून नुसतं टाळ्या वाजवायला. फी घेऊन लगेच "जिल्हा प्रतिनिधी" म्हणून ओळखपत्र देणारे असतील तर तिथून सरळ निघा. माझा एक मित्र असल्यात पैसे घालून बसलाय, कार्ड आहे, लॅमिनेशन पण आहे, असोसिएशन कुठाय ते कळत नाही.

पैशाचं विचारता म्हणून, घर चालवायला मी अजून लग्नाच्या शूटिंगा करतो, तुळशीच्या लग्नापासून जूनपर्यंत. असोसिएशनचं ट्रेनिंग घ्यायला गेलो तर जेवण आणि एसटीचं भाडं मिळतं, कधी थोडं मानधन. ज्यांना महिन्याला पगार पाहिजे त्यांनी आधी चॅनलला नोकरी करावी, त्यात कमीपणा काही नाही.

सुरुवात करायची तर मोठा कॅमेरा घेऊ नका. मोबाईल चालतो, पण वायरचा साधा कॉलर माईक घ्याच, आमच्या पहिल्या वर्षाचं निम्मं फुटेज वाऱ्यानं आणि पिठाच्या गिरणीनं खाल्लंय. आणि विषय शोधत हिंडू नका. १ मे, १५ ऑगस्टला ग्रामसभा असते, तिथं मागं बसून पूर्ण ऐका, पहिल्या वेळी कॅमेरा बाहेर सुद्धा काढू नका. सरपंचांना आधी भेटा, ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (आधी ग्रामसेवक म्हणायचे) पण, नाहीतर कुठल्या पार्टीचा म्हणून पहिला शिक्का बसतो आणि तो निघत नाही.

ते सूर्यवंशी प्लॉटकडचे काका मला नंतर सापडले. आम्ही आता त्या भागातल्या जुन्या माणसांना घेऊन प्रत्येक पायरी, प्रत्येक बोळ फिरून रेकॉर्ड करतोय, किती फुटाला कुठं पाणी लागलं, २००५ ला, २०१९ ला, २०२१ ला. दोन माणसांचे आकडे जुळत नाहीत, मग तिसऱ्याकडं जायचं, तो म्हणतो दोघं पण चूक. याच कामाला माणसं कमी पडतायत, म्हणून येणार असाल तर पुढच्या मीटिंगला या. येताना एक्स्टेन्शन बोर्ड आणा, हॉलमध्ये एकच प्लग आहे आणि तो पण स्टेजच्या मागं.