भिडस्त माणसाने ठामपणे बोलायला कसे शिकावे

भिडस्त माणसाला ठाम करताना त्याचा शांतपणा मोडायचा नसतो. आपले म्हणणे वेळेवर मांडण्याची सवय तेवढी लावायची असते. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये मांडले की, स्पष्ट बोलण्याच्या सरावाने त्या प्रसंगाची भीतीच ओसरू लागते. म्हणून आधी धीर येण्याची वाट पाहू नये.

सुरुवात भाजीवाल्याकडून नासका टोमॅटो बदलून घेण्यासारख्या किरकोळ प्रसंगापासून करावी. पुढे, नाशिकजवळच्या निफाडकडील एखाद्या द्राक्ष बागायतदाराला उधारीवर माल मागणाऱ्या व्यापाऱ्यास नकार देणे जड जात असेल, तर त्याच्याकडून घरीच एक वाक्य घोटून घ्यावे : "शेठ, व्यवहार तुमच्याशीच करायचा आहे, पण पैसे मिळाल्याशिवाय गाडी बागेतून हलणार नाही." व्यापारी जुने संबंध काढील, बाजार पडल्याचे सांगील, रुसेलही; तरी आवाज न चढवता तेच वाक्य पुन्हा म्हणावे आणि नवी कारणे देऊ नयेत, कारण प्रत्येक कारणावर घासाघीस सुरू होते. त्यानंतर गप्प राहणे सर्वांत अवघड असते (बहुतेक जण इथेच माफी मागू लागतात), म्हणून त्याचा सराव वेगळा करावा.

घरच्यांनी त्याच्या वतीने बोलू नये. समोरचा धमकावत असेल, तर मात्र एकट्याने बोलणी करू नयेत.